मशीन सेल्फ घेईना म्हणून लगेच बॅटरी बदलू नका, आधी व्होल्टेज कुठं गळतंय ते शोधा

गेल्या पावसाळ्यात गगनबावडा रोडला एका क्रशरवर पोकलेन बंद पडला म्हणून मला बोलावलं. वीस टनी मशीन, २४ व्होल्टचं, चावी मारली की सेल्फ हूं… हूं… करून दोन वळसे घ्यायचा आणि थांबायचा. मालकांनी मी यायच्या आधीच दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकलेल्या, सेल्फ काढून शहरात नेऊन खोलून आणलेला, तरी तेच. "मेस्त्री, आता राहिलं काय बदलायचं? मीटर तर पंचवीस दाखवतोय," असं ते म्हणत होते आणि खरंच मीटर २५.४ दाखवत होता.

हा लेख त्या २५.४ च्या आकड्याबद्दलच आहे. मशीन उभं असताना, काही चालू नसताना मीटरवर दिसणारं व्होल्टेज बघून आपण समजतो की करंट पोहोचतोय, आणि मग सुटे भाग बदलत बसतो. जेसीबी असो, पोकलेन असो, ऊस तोडणीचं मशीन असो, नाहीतर कारखान्याचा जनरेटर, डिझेल इंजिनच्या इलेक्ट्रिकच्या तक्रारी मी बघितल्यात त्यात निम्म्याहून जास्त वेळा पार्ट चांगला असतो आणि मधला एखादा जोड खराब असतो. चांगल्या मशीनवर उगाच पैसे जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक उदाहरण, जे आपल्या भागात कुणालाही लगेच कळेल. पंचगंगेवरून ऊसाला पाणी आणलंय, पाईपलाईन दोन किलोमीटरची, शेवटी व्हॉल्व्ह बंद आहे आणि तिथं प्रेशर गेज लावलाय. पाईपात मध्येच कुठंतरी गाळ बसून निम्माअधिक पाईप चोंदला असला तरी व्हॉल्व्ह बंद असताना गेज पूर्ण प्रेशरच दाखवणार, कारण पाणी वाहतच नाहीये, थांबलेल्या पाण्याला गाळाची अडचण कसली? व्हॉल्व्ह उघडला की खरं कळतं, गेज एकदम खाली आणि सरीत करंगळीएवढं पाणी. वायरिंगचं अगदी हेच आहे. केबलच्या पन्नास तारांतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण २४ दाखवणार, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. लोड टाका, म्हणजे सेल्फ मारा, लाईट लावा, मग मोजा. लोड नसताना घेतलेलं रीडिंग फक्त वायर तुटलेली नाही एवढंच सांगतं.

लो व्होल्टेज म्हटलं की लोकांना वाटतं किरकोळ काम, १२ नाहीतर २४ व्होल्ट, शॉक पण बसत नाही. पण करंट बघा. मोठ्या डिझेल इंजिनचा सेल्फ शेकड्यात अँपिअर ओढतो. जर्मनीच्या ओहमनं १८२७ साली जो नियम मांडला तो शाळेत सगळ्यांनी घोकलाय, करंट गुणिले रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज. आता ३४० अँपिअर करंट चाललाय आणि एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०२ ओहम रेझिस्टन्स आलाय असं धरा, तर त्या एका जोडात ६.८ व्होल्ट गेले. म्हणजे २४ मधला पावाहून जास्त हिस्सा त्या गंजात नुसती उष्णता होऊन संपला. आणि हे ०.०२ ओहम तुमच्या साध्या मीटरवर कधीच दिसणार नाही, कारण मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२, ०.३ दाखवतो. म्हणून जाड केबल ओहमवर ठेवून "बीप वाजला, केबल चांगली" म्हणायचं हे चूक आहे, बीप एका तारेवर पण वाजतो.

आता त्या क्रशरवर काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा इंजिन चालू होऊ नये म्हणून बंदोबस्त केला, जुन्या पंपाच्या इंजिनला स्टॉप सोलेनॉइडचा, म्हणजे डिझेल उघडबंद करणाऱ्या विजेच्या खटक्याचा, कपलर (वायरचा जोड) काढला की डिझेल बंद होतं (कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटर डिझेल सोडतो अशा नव्या इंजिनला मात्र मनानं कुठलाही कपलर ओढू नका, त्या त्या मशीनच्या पुस्तकात दिलेली पद्धत वापरा). फॅन आणि पट्ट्याजवळ कुणी नाही ना बघितलं, मशीन न्यूट्रलला, लॉक खाली. मग हेल्परला सेल्फ मारायला लावला आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं, सेल्फ अडखळत फिरत असताना २३.२. इथंच अर्धं निदान झालं, कारण बॅटरी खराब असती तर सेल्फ मारताना ती स्वतःच १६-१७ ला आली असती. बॅटरी २३ वर ताठ उभी आहे आणि सेल्फ तरी दमतोय, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे पण रस्त्यात कुणीतरी अडवतंय.

मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे लगवर, केबलच्या टोकाच्या पकडीवर नाही हं, मधल्या शिशाच्या खुंटावरच, आणि लाल पिन इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारला, ६.८ व्होल्ट. तिथं यायला पाहिजेत जेमतेम ०.२, ०.३. मग तोच रस्ता तुकड्यातुकड्यानं मोजला. खुंट ते लग ०.१, लग ते चासी ०.२, चासी ते इंजिन ब्लॉक ६.५. झालं, सापडलं. चासीवरून इंजिनला जाणारी विणलेली अर्थपट्टी, तिच्या चासीकडच्या बोल्टखाली कुणीतरी आधी काम करताना रंग मारला होता आणि त्या रंगावरच पट्टी कसली होती, कडेनं पाणी शिरून खाली तांबूस भुगा झालेला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, पट्टीची दोन्ही टोकं घासली, स्टार वॉशर घालून आवळला, वरून ग्रीस लावलं. परत सेल्फ मारला तर ब्लॉक ते निगेटिव्ह ०.३ आणि सेल्फ असा फिरला की हेल्पर मागं सरकला.

यात एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. दुरुस्तीनंतर सेल्फ मारताना बॅटरीवर २३.२ नाही तर २०.५ दिसले. मालक घाबरले, म्हणाले व्होल्टेज तर कमी झालं! पण तेच बरोबर आहे, आधी करंट अडला होता म्हणून बॅटरीला कष्टच नव्हते, आता खरा करंट वाहायला लागल्यावर ती थोडी वाकली. आधी पॉझिटिव्ह बाजूला ०.५ आणि अर्थच्या बाजूला ६.८ जाऊन सेल्फच्या वाट्याला १५.९ यायचे, आता १९.६ येतात. सेल्फला किती मिळालं एवढंच महत्त्वाचं.

ही पद्धत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप टेस्ट. पॉझिटिव्ह बाजूला पण तसंच करायचं, लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, सेल्फ फिरताना मोजा. १२ व्होल्टच्या मशीनला एका बाजूला साधारण अर्धा व्होल्ट, २४ ला फार तर एक व्होल्ट गळती चालते, अर्थच्या बाजूला त्याहून कमी पाहिजे. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तोच शेवटचा. अर्थची बाजू लोक तपासतच नाहीत, कारण आपल्या डोक्यात बसलंय की करंट पॉझिटिव्हमधून "येतो". जेवढा येतो तेवढाच परत जायला पाहिजे. आणि इंजिनची अर्थपट्टी खराब झाली की तो करंट परतीचा दुसरा कुठलाही रस्ता धरतो, थ्रॉटलची केबल, बेअरिंग, सेन्सरची बारीक अर्थ वायर. थ्रॉटल केबल गरम लागतीय अशी तक्रार आली तर आधी अर्थपट्टी बघा.

बॅटरीचं थोडक्यात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१, म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आत्ताच चार्जिंगवरून काढलेली असेल तर वरवरचं व्होल्टेज जास्त दिसतं, दोनतीन मिनिटं हेडलाईट लावून मग मोजा. सेल्फ मारताना १२ ची बॅटरी ९.६ च्या खाली आणि २४ ची जोडी १८-१९ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्या. आणि २४ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एकदम मोजू नका. एक १२.७ आणि दुसरी ११.९ असली तरी बेरीज २४.६ येते आणि सगळं बरं आहे असं वाटतं. हा फरक बऱ्याचदा ऑपरेटरनंच केलेला असतो, केबिनमध्ये १२ व्होल्टचा टेप नाहीतर मोबाईल चार्जर लावायचा म्हणून एकाच बॅटरीवरून वायर ओढलेली असते. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि वर्षभरात जोडी संपते. त्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा.

डायनॅमोचं, म्हणजे अल्टरनेटरचं तर अजून सोपं, इंजिन चालू असताना बॅटरीवर २४ च्या मशीनला साधारण २७.५ ते २८.५, १२ ला १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर डायनॅमो उतरवायच्या आधी त्याच्या बोल्टवर मोजा, तिथं २८ आणि बॅटरीवर २६ असेल तर दोन व्होल्ट मधल्या केबलनं खाल्ले, डायनॅमो निर्दोष आहे. बऱ्याच मशीनवर डॅशबोर्डच्या चार्जिंगच्या बल्बमधूनच डायनॅमोला पहिला करंट मिळतो, तो बल्ब गेला तर डायनॅमो जागाच होत नाही. एका बल्बसाठी आख्खा डायनॅमो बदललेला मी बघितलाय.

आता दुसऱ्या प्रकारची तक्रार, सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन धरत नाही. जुन्या पंपाच्या इंजिनात स्टॉप सोलेनॉइडला आत दोन कॉइल असतात, एक प्लंजर जोरात ओढून घेणारी आणि एक ओढलेला धरून ठेवणारी. ओढणाऱ्या कॉइलला करंट लई लागतो. सेल्फ मारताना त्या वायरवर व्होल्टेज पडलं तर प्लंजर ओढलाच जात नाही आणि डिझेल बंदच राहतं. प्लंजर हातानं आत ढकलला आणि तो तिथंच चिकटून राहिला, इंजिन चालू झालं, तर धरणारी कॉइल चांगली आहे, ओढायला लागणारा करंट मिळत नाहीये. रिले, चावीचा स्विच आणि अर्थ बघा, सेल्फ फिरत असतानाच बघा. अशा बारीक वायरची परीक्षा घ्यायला मी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट खिशात ठेवतो. वायर पार्टवरून काढायची, तिला बल्ब लावायचा, २४ वर तो जवळपास एक अँपिअर ओढतो, प्रकाश पूर्ण पडला तर वायरमध्ये दम आहे, मिणमिणला तर नाही. मीटर २४ दाखवतोय आणि बल्ब काजव्यासारखा, असं दृश्य एकदा बघितलं की माणूस परत नुसत्या मीटरवर विश्वास ठेवत नाही. पण हा बल्ब ईसीएमला जाणाऱ्या वायरवर कधीही लावू नका, तिथं फक्त मीटर.

ईसीएमचा विषय निघालाच आहे तर तो नीट समजून घेऊ. बांधकामाच्या चाकांच्या मशीनला आपल्याकडं एप्रिल २०२१ पासून बीएस चार, म्हणजे धुराचा कडक नियम, आलं आणि तेव्हापासून गावोगावच्या जेसीबीत सुद्धा ईसीएम आणि सेन्सर वाढले. ईसीएम हा इंजिनचा कॉम्प्युटर, तो सेन्सरना बॅटरीचं व्होल्टेज देत नाही, स्वतः तयार केलेलं अगदी स्थिर ५ व्होल्ट देतो, आणि ही ५ व्होल्टची लाईन बहुतेक वेळा चारपाच सेन्सरमध्ये वाटलेली असते. घराचा एक फ्यूज उडाला की तीन खोल्या अंधारात जातात तसं, या लाईनवर कुठंही शॉर्ट झालं की एकदम चार कोड, म्हणजे बिघाड सांगणारे आकडे, येतात.

हातकणंगल्याकडं एका ऊस तोडणीच्या मशीनवर असंच झालं, ऑईल प्रेशर, टर्बोचं प्रेशर, रेल प्रेशर, तिन्हीचे कोड एकाच मिनिटात. मालक तिन्ही सेन्सर मागवायच्या बेतात, हंगाम चालू, ऊस तुटायचा थांबलेला, त्यांचा जीव खालीवर होणारच. पण तीन सेन्सर एकाच मिनिटाला मरत नाहीत. ऑईल प्रेशरचा कपलर काढून ५ व्होल्टच्या पिनवर मोजलं, ०.३. मग त्या लाईनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत गेलो आणि मीटरकडं बघत राहिलो. एखादा काढल्यावर ५ परत आले असते तर तो सेन्सर गेला असं ठरलं असतं. सगळे काढले तरी ०.३ च. म्हणजे दोष वायरिंगमध्ये नाहीतर ईसीएममध्ये, आणि ईसीएमवर सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा. इंजिनच्या मागच्या बाजूला वायरिंगचा जुडगा ब्रॅकेटवरून वळतो, तिथल्या क्लॅम्पचं रबर निघून गेलेलं, वर्षभर थरथरून एका वायरचं आवरण घासलं होतं आणि तांब्याचा नखाएवढा तुकडा लोखंडाला टेकत होता. वायर उचलली आणि हेल्पर ओरडला, "आलं, पाच आलं!" एकही सेन्सर बदलला नाही.

कोड वाचताना शेवटचा आकडा, म्हणजे एफएमआय, नीट बघा. एसपीएन सांगतो कुठल्या भागाबद्दल तक्रार आहे, १०० म्हणजे ऑईल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. एफएमआय सांगतो तक्रार काय आहे. ३ म्हणजे व्होल्टेज पाहिजे त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी, बहुतेक सर्किट तुटलंय, ६ म्हणजे करंट जास्त, बहुतेक शॉर्ट. आणि ० म्हणजे सिग्नल ठीक आहे, खरंच आकडा वर गेलाय. ११० सोबत ० आलं तर वायरिंग सोडा आणि रेडिएटर बघा, इंजिन खरंच तापलंय.

कूलंटच्या दोन वायरच्या सेन्सरवर एक साधी परीक्षा करता येते. तो थंड असताना काही हजार ओहम आणि गरम झाल्यावर काहीशे ओहम होतो. कोड ४ आलाय, तर कपलर काढा. कोड पलटून ३ झाला तर ईसीएम आणि वायरिंग जागेवर आहे, सेन्सर शॉर्ट आहे. कपलर काढूनही ४ च राहिला तर वायर कुठंतरी अर्थ होतीय. उलट कोड ३ असेल तर कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडा, ४ झाला तर सेन्सर तुटलाय. तीन वायरच्या सेन्सरवर हे करू नका, ५ व्होल्ट आणि अर्थ चुकून जोडाल आणि आख्खी लाईन खाली बसवाल.

डिस्प्लेवर एकदम सगळंच गायब, किंवा ईसीएमशी बोलणंच होत नाही असं दाखवलं तर कॅनच्या, म्हणजे ईसीएम आणि डिस्प्ले ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाईनच्या, दोन वायर बघा, एकमेकींना पीळ दिलेल्या असतात. या लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. बॅटरी काढून दोन वायरमध्ये मोजा, ६० आले तर ठीक, १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर सुटलीय, शून्याच्या जवळ आले तर दोघी एकमेकींना चिकटल्यात. इतका स्पष्ट निकाल देणारी परीक्षा या धंद्यात दुसरी नाही.

आणि असंबद्ध आठदहा कोड एकदम दिसले तर स्कॅनर बाजूला ठेवा, बॅटरी आणि अर्थकडं परत जा. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर ईसीएम मध्येच बंद पडून परत चालू होतो आणि काहीबाही कोड साठवून ठेवतो. आधी व्होल्टेज सुधारा, कोड पुसा, मशीन चालवा, मग जे परत येतील तेच खरे. कॉमन रेलच्या इंजेक्टरच्या वायरला मात्र इंजिन चालू असताना हात लावू नका, मीटर पण लावू नका, बॅटरी २४ ची असली तरी ईसीएम तिथं ६०-७० व्होल्ट किंवा त्याहून जास्त तयार करून सोडतो.

आपल्याकडचा पाऊस हा वेगळाच शत्रू आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या मशीनचं काम पुढं कितीतरी दिवस पुरलं. पूर सोडा, नुसत्या वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं पण कपलरचं रबर उचकटून पाणी आत जातं. पाणी कपलरपुरतं थांबत नाही, तांब्याच्या तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आवरणाच्या आतून सरकत जातं आणि हातभर लांब वायर हिरवी पडून तुटते, वरून आवरण अगदी नवं दिसतं. म्हणून वायर तपासताना सुई टोचू नका, ते भोक म्हणजे पाण्याला दिलेलं दार. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजा. वायर मऊ लागली, दाबल्यावर आत दाणे फुटल्यासारखं जाणवलं, तर तिथं कापा, तांबं लखलखीत दिसेपर्यंत कापत जा आणि नवा तुकडा सोल्डर नाहीतर क्रिम्प करून वर गोंदवाली स्लीव्ह तापवून चढवा, नुसता टेप गुंडाळू नका.

बकेटचे दात नाहीतर बूम वेल्डिंग करायला घेताना बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, पुस्तकात सांगितलं असेल तर ईसीएमचे कपलर पण काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथं वेल्डिंग करायचं तिथंच वीतभर अंतरावर लावा. बकेटवर वेल्डिंग आणि क्लॅम्प लावलाय मागं काउंटरवेटला, असं केलं की वेल्डिंगचा सगळा करंट बेअरिंग, पिना आणि ईसीएमच्या अर्थमधून फिरतो.

त्या गगनबावडा रोडच्या पोकलेनच्या बॅटरी पेटीच्या झाकणाला आतून मी पेंट मार्करनं चार आकडे लिहून ठेवलेत, बॅटरी सेल्फ मारताना २०.५, पॉझिटिव्ह बाजू ०.६, अर्थ बाजू ०.३, चार्जिंग २८.२, खाली तारीख. दिवाळीनंतर परत गेलो तेव्हा मशीनचा ऑपरेटरच मीटर घेऊन उभा होता, त्यानं स्वतः मोजलेलं दाखवलं, अर्थ बाजू ०.४. बोल्ट थोडा ढिला झाला होता, त्यानंच पान्हा लावून आवळला, परत मोजलं, ०.३, आणि नवी तारीख त्यानं त्याच्या हातानं खाली लिहिली.